मागच्या डाव्या दाराचं हँडल

डबा रिकामा परत करायचा नाही, हा नियम मलाही माहीत होता. आमच्या सांगलीकडंही तो आहे. शेजारणीनं भाजी दिली तर वाटीत निदान चिमूटभर साखर टाकून वाटी परत जाते, आणि विषय तिथं संपतो. वसईला आमच्या घरमालकांच्या बाबतीत तो विषय संपतच नसे.

राहायला गेल्याच्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांना चार पुरणपोळ्या दिल्या. डबा केळी भरून परत आला, आणि डब्यात मावली नाहीत म्हणून सोबत टोपलीभर आणखी केळी. आता टोपली रिकामी कशी द्यायची? मी चिवडा केला. टोपली त्यांच्याकडं गेली आणि त्यांच्याकडून अंड्यांचं पातेलं आलं. महिन्याभरात माझ्या घरात माझं एक भांडं उरलं नाही, सगळी त्यांचीच. शेवटी मी हात जोडले. म्हटलं, सर, आता थांबूया, मला नोकरी आहे. त्यांचा चेहरा पडला. "कंटाळलात?" म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी माझी सगळी भांडी परत पाठवली. भरून.

सर म्हणजे वसईच्या जुन्या ख्रिस्ती घरातले निवृत्त शिक्षक. भूगोल शिकवायचे. वाडीत केळी आणि मोगरा, मधे विहीर, विहिरीशेजारी त्यांचं घर आणि घराच्या वर आमच्या भाड्याच्या दोन खोल्या. घरात बाप आणि लेक दोघंच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. बापलेक आपसात त्यांच्या बोलीत बोलायचे, ती मला निम्मी कळायची. माझ्याशी मात्र सर फळ्यावर लिहिल्यासारखं मराठी बोलत. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. मी 'सांगलीकर'. माझा नवराही सांगलीचाच, पण त्याला ते 'जावई' म्हणत. का, ते त्यांनाच ठाऊक.

फोन कुणाचाही असो, त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "जेवलात का?" वीज कंपनीचा माणूस असो की चर्चमधले फादर. एकदा कुणीतरी कर्ज घ्या म्हणून फोन केला, त्यालाही विचारलं. तो बिचारा गडबडला, म्हणाला, नाही अजून. त्यावर सरांनी त्याला उपाशीपोटी काम करण्याचे तोटे सांगितले. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. कर्जाचा विषय निघालाच नाही.

आणि गाडी. पांढरी, चौकोनी, कंपनीनं ते मॉडेल बंद केल्याला जमाना झालेला. सर ती अशी चालवत की सायकलवाले मागून येऊन, सरांना नमस्कार करून पुढं जात. वाटेत क्रूस दिसला की स्टिअरिंगवरचा एक हात कपाळाला जायचा. मंदिर दिसलं की मान लवायची. मी विचारलं तर म्हणाले, "शेजारी आहेत. ओळख ठेवावी." वसईच्या रस्त्यांवर क्रूस किती आणि मंदिरं किती, तुम्हाला ठाऊक असेल तर तुम्हीही माझ्यासारखा जीव मुठीत धरून बसाल.

माझं ऑफिस सातिवलीला, एका लहान कारखान्यात, हिशेबाच्या टेबलावर. सर अधूनमधून मला नाक्यापर्यंत सोडत. पहिल्या दिवशी मी सवयीनं पुढचं डावं दार उघडायला गेले. "तिथे नको," सर म्हणाले, "पुढे माणूस आहे." मी आत बघितलं. सीटवर एक उशी होती, तांबड्या चौकड्याच्या लुगड्याची शिवलेली. माणूस नव्हता. मला वाटलं, वाटेत कुणाला घ्यायचं असेल. मागं बसले. नाका आला, मी उतरले, गाडी वळून निघून गेली. कुणी चढलं नाही.

संध्याकाळी मी त्यांच्या लेकीला विचारलं. ती शाळेत शिकवायची, बापाच्या उलट, फटाफट बोलणारी. म्हणाली, "आईची जागा आहे ती. तिची पाठ दुखायची म्हणून उशी. पप्पा कुणालाच बसू देत नाहीत. फादर आले तरी मागं." मग हसून म्हणाली, "बिशप आले तर काय करतात ते बघायचंय मला."

आता त्या गाडीचं खरं काम सांगते. आमच्या आळीतली झाडून सगळी नवरी मंडळी त्या गाडीतून चर्चला गेलेली. सर भाडं घेत नसत. गाडी पहाटे धुवायची, वाडीतल्या मोगऱ्यानं सजवायची, नवरीला मागं डाव्या बाजूला बसवायचं आणि सायकलीच्या वेगानं न्यायचं. चर्चची पायरी डावीकडं येते. नवरीचा बाप बाहेरून दार उघडतो, लेकीला हात देतो, आणि ब्रास बँड सुरू होतो. आळीत नवरी स्वतः दार उघडून उतरत नाही. बाप नसेल तर मामा, पण दार बाहेरून उघडायचं.

त्या दाराला आतून उघडायची सोयच नव्हती. सरांची लेक लहान असताना तिनं चालत्या गाडीत ते दार उघडलं होतं. पडली नाही, पण सरांनी घरी येऊन आतला खटका काढून विहिरीत फेकला. तेव्हापासून मोठी होईपर्यंत ती पुढं, आईच्या मांडीवर बसायची. ही गोष्ट सर दर नवरीला ऐकवत, त्यामुळं आळीत सगळ्यांना पाठ.

तर लेकीचं लग्न ठरलं. जिनं इतक्या नवऱ्या त्या गाडीत बसताना बघितल्या, तिची पाळी आली. सर आतून इतके खूष होते की रोज गाडी धुवायला लागले. आणि तशीच एकदा धुताना, मागच्या डाव्या दाराचं बाहेरचं हँडल त्यांच्या हातात आलं. जुनं प्लास्टिक, तुटलं. आत खटका नाही, बाहेर हँडल नाही. दार बंद ते बंद.

सातिवलीचा मेकॅनिक म्हणाला, हँडल आणा, खिडकीतून हात घालून कसंतरी बसवून देतो, मग दार उघडेल. हँडल नसेल तर दार कापावं लागेल. सर भंगारवाल्यांकडं फिरले. उजवी हँडलं पाहिजे तितकी, डावं एकही नाही. भंगारवाल्यानंच कारण सांगितलं: माणसं मागून नेहमी डावीकडनं उतरतात, त्यामुळं डावी हँडलं झिजून तुटतात. उजवीला हात कोण लावतो?

आळीतल्या दोघातिघांनी आपापल्या नव्या गाड्या देऊ केल्या. भल्या मोठ्या, आत गारेगार. सरांनी सगळ्यांना चहा पाजला आणि नको म्हणून सांगितलं. मला म्हणाले, "सांगलीकर, आळीच्या सगळ्या पोरी माझ्या गाडीतून गेल्या. आणि माझी पोर दुसऱ्याच्या गाडीतून जाणार? तिला काय वाटेल?" तिला काय वाटेल ते माहीत नाही, पण यांना काय वाटेल ते स्पष्ट दिसत होतं.

मग मी मोबाइलवर शोधलं. बंद पडलेल्या गाड्यांचे नवे बनवलेले सुटे भाग विकणारं एक दुकान सापडलं. दुकान म्हणजे काय, स्क्रीनवरचं चित्र. 'मागचं, डावं, पांढरं.' सरांनी चष्मा पुसून पुसून फोटो पाहिला आणि म्हणाले, "हेच." मी मागवलं. पैसे भरले. सरांनी विचारलं, "दुकानदाराचं नाव काय?" म्हटलं, नाव नसतं सर. "मग त्याला धन्यवाद कसे द्यायचे?" मी कपाळाला हात लावला.

पार्सल आलं. वर चिठ्ठी 'डावं', आत हँडल उजवं.

मी फोन लावला. अर्धा तास तेच तेच संगीत ऐकून कान किटले, तेव्हा कुठं एका मुलीचा आवाज आला. मी तोंड उघडणार तोच स्पीकरवर सर वाकले आणि म्हणाले, "बेटी, खाना खाया क्या?"

पलीकडं की-बोर्डची टकटक थांबली. मग ती म्हणाली, "नहीं सर, अभी लंच ब्रेक नहीं हुआ."

"तो पहले खा लो," सर म्हणाले. "हम बाद में बात करेंगे." आणि लाल बटण दाबलं.

मी त्यांच्याकडं नुसती बघत राहिले. म्हटलं, सर, अर्धा तास. अर्धा तास मी कानाला लावून बसले होते. ते म्हणाले, "तिचा आवाज खोल गेला होता, तुमच्या लक्षात नाही आलं?" मी दुसऱ्या दिवशी ऑफिसातून, सर आसपास नसताना फोन केला. मला सांगितलं, चुकीचा माल परत पाठवा, पोहोचला की डावं हँडल लगेच निघेल.

कुरिअरवाला आला तेव्हा मी कामावर होते. खोकं सरांनीच बंद केलं, सुतळीनं बांधलं आणि त्याच्या हाती दिलं. कुरिअरवाल्यालाही विचारलंच असणार, जेवलात का. मी निर्धास्त झाले. चार-पाच दिवसांनी मोबाइलवर निरोप: 'परतावा नाकारला. खोक्यात वेगळी वस्तू आढळली.'

माझं डोकं फिरलं. उजवं पाठवणारे तुम्ही, आणि वर आम्हालाच चोर ठरवता? मी त्यांना जे काय लिहिलं ते सांगलीच्या मंडईतसुद्धा कुणी तोंडावर बोलणार नाही. पलीकडून मवाळ उत्तर आलं, सोबत पुरावा म्हणून फोटो. फोटोत आमचं खोकं उघडं. त्यात आमचंच उजवं हँडल. आणि हँडलशेजारी वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली, केळीच्या सुक्या सोपटानं बांधलेली सुकेळी. राजेळी केळी उन्हात सुकवून करतात ती. सर दरवर्षी गच्चीवर स्वतः करत.

मी मोबाइल घेऊन खाली गेले. "सर, हे काय?"

त्यांनी फोटो बघितला. त्यांना आनंद झाला. "अरे वा, पोहोचली. दबली नाहीत."

"खोक्यात का घातली?"

"मग? रिकामं खोकं पाठवायचं?"

"रिकामं कुठं होतं? हँडल होतं ना आत."

"हँडल त्यांचंच होतं, सांगलीकर," सर शांतपणे म्हणाले. "त्यांची वस्तू त्यांना परत केली. त्यात आपलं काय गेलं?"

मी खाली बसले. त्यांची लेक आतून ऐकत होती, ती इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, "ताई, सोडा. पालथ्या घड्यावर पाणी." खरं सांगायचं तर त्यांच्या बोलण्यात मला चूक सापडेना, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

खोकं परत आलं. आत उजवं हँडल. सुकेळी नव्हती, वर्तमानपत्राची नीट घडी मात्र घातलेली. सरांनी घडी उलगडून पाहिली आणि म्हणाले, "खाल्ली. चला, कुणाच्यातरी पोटात गेली." मी पुन्हा फोन, पुन्हा संगीत. बरोबर माल पाठवतो, म्हणाले. दोन दिवस थांबा. मग आणखी दोन दिवस. मग माल संपला आहे, आला की कळवू. आणि एका सकाळी निरोप आला की तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल?

हे मी सरांना सांगितलं आणि कामावर गेले. संध्याकाळी मी कामावरून आले तर ते गाडीपाशी उभे होते. ते उजवं हँडल हातात घेऊन डाव्या दाराला लावून बघत होते. उलटं करून, तिरकं करून. भूगोलाचा मास्तर, त्यांना काय कळत नव्हतं?

"मला वाईट वाटतंय, सांगलीकर," ते म्हणाले. "समोर माणूस असता तर भांडलो असतो. त्याच्या घरी गेलो असतो, त्याच्याकडे चहा घेतला असता, मग भांडलो असतो. इथे माणूसच नाही. कुणावर रागवू?" त्या मोबाइलवर चार शिव्या हासडून मला जी मोकळीक मिळायची, ती त्यांना मिळायची सोय नव्हती.

दार कापायला त्यांचा हात धजेना. मग एकच मार्ग उरला. नवरीनं मागच्या उजव्या दारानं चढायचं, रिवाजाप्रमाणं सरकत डावीकडं जायचं, आणि चर्चपाशी पुन्हा सरकत उजवीकडं येऊन भर रस्त्यावर, रिक्षांच्या गर्दीत उतरायचं. लग्नाच्या आदल्या दिवशी तालीम झाली. नवरी म्हणून मी. कमरेला दोन चादरी गुंडाळल्या, गाऊनचा घेर म्हणून. चढले कशीबशी. मधे सीटचा उंचवटा आहे, तिथं चादरी अडकल्या आणि मी अशी रुतले की ना इकडं ना तिकडं. माझा नवरा मला ओढायचं सोडून व्हिडिओ काढत होता. सगळे हसत होते, सरसुद्धा. पण हसता हसता त्यांनी दोनदा त्या बंद दाराकडं बघितलं.

पुढच्या सीटचा विचार कुणाच्या मनात आला नसेल असं नाही. माझ्या आला होता. ते दार व्यवस्थित उघडत होतं, आतून आणि बाहेरूनही, चर्चच्या पायरीच्याच बाजूला. पण बोलायचं कुणी? आळीत एकाचीही जीभ रेटली नाही. माझी तर नाहीच, मी भाडेकरू.

लग्नाच्या दिवशी गाडी मोगऱ्यानं अशी घमघमत होती की मधमाश्या गोळा झाल्या. सर नव्या सुटात चाकामागं बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर सरळ समोर. लेक घरातून बाहेर आली. पांढरा गाऊन, डोक्यावर जाळी. दोघी बायकांनी मागून घेर उचलून धरला होता. मी उजवं दार उघडून उभी, कालच्या अनुभवाची माणूस म्हणून.

ती माझ्यापर्यंत आली. दाराकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि मला डोळा मारला. मग वळली आणि गाडीच्या नाकासमोरून पलीकडं गेली. पुढचं डावं दार उघडलं. उशी उचलून हातात घेतली.

सगळी आळी सरांकडं बघायला लागली. मघापर्यंत सूचना देत होते तेही.

सरांनी मान वळवली नाही. समोर बघतच म्हणाले, "बाय, पुढे माणूस आहे."

"ठाऊक आहे, पप्पा," ती म्हणाली. "तिच्या मांडीवर बसते."

आणि बसली. गाऊनचा घेर आत ओढून घेतला, उशी पोटाशी धरली, आणि दार लावून घेतलं. सरांनी चावी फिरवली. गाडी सुरू झाली आणि बंद पडली. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून ती कधी बंद पडली नव्हती. पुन्हा फिरवली. गाडी निघाली तेव्हा त्यांचे दोन्ही गाल ओले होते. पुसायला त्यांनी स्टिअरिंगवरचा हात काढला नाही, आणि वाटेतल्या पहिल्या क्रूसालाही नाही.

चर्चपाशी ते उतरले, वळसा घालून आले, पुढचं डावं दार बाहेरून उघडलं आणि लेकीला हात दिला. बँड सुरू झाला. आत चर्चमध्ये मिस्साभर मी त्या माणसाकडं पाहत होते. ते छान ताठ बसले होते. गाणीही म्हणाले, थोडी बेसूर.

पार्टी संपली आणि लेक नवऱ्याच्या गाडीतून सासरी गेली. जाताना सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली, मग लगेच हसली, तिचा स्वभावच तसा. गर्दी पांगली. माझा नवरा मित्राच्या बाइकवर पुढं गेला. मी सवयीनं गाडीचं मागचं उजवं दार उघडलं.

"तिकडे कुठे?" सर म्हणाले. "पुढे या."

मी थांबले. त्यांनी आतून पुढचं दार ढकलून उघडलं. सीट रिकामी होती. "उशी?" मी विचारलं.

"ती घेऊन गेली," सर म्हणाले. "विचारलं नाही, सांगितलं. आईच्या वळणावर आहे."

मी बसले. इतक्या वर्षांत त्या सीटचा रंग बाजूच्या सीटपेक्षा गडद राहिला होता. मी पट्टा ओढला. तो आलाच नाही. पुन्हा ओढला, तर धुळीसकट वीतभर बाहेर आला आणि तिथंच अडकून बसला. पुढंही नाही, मागंही नाही. सर वाकून बघत होते.

"सर, हा गेलाय," मी म्हटलं. "नवा बसवावा लागेल."

"मागवा की," ते म्हणाले. "त्याच दुकानातून मागवा. सुकेळी आहेत अजून घरात."